पॅट्रिशोचं डोंगरातलं चर्च: काय बघावं आणि स्मारकशिळा कशा वाचाव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कार्डिफला मुलीकडे राहायला जाताय, किल्ले आणि कॅथेड्रल बघून झालीत, आता वेल्समधल्या खेड्यातलं एखादं मध्ययुगीन चर्च नीट समजून बघायचंय. त्यात खरंच जुनं काय असतं, ते ओळखायचं कसं, आणि भिंतींवरच्या स्मारकशिळांमध्ये आपल्यासारख्याने काय वाचायचं?

मी जुन्या दगडी इमारतींच्या जतनाच्या कामात आहे, त्यामुळे अशी चर्च हाताखालून गेली आहेत. दहा नावं देण्यापेक्षा एकच देतो: पॅट्रिशो. ब्लॅक माउंटन्सच्या डोंगरात, ग्रुइने व्हाउर नदीच्या खोऱ्यात, क्रिकहॉवेल आणि ॲबरगॅव्हेनी या दोन गावांच्या मधल्या उतारावर संत इशोचं हे चर्च आहे. नकाशात कुठे पार्ट्रिशो तर कुठे पॅट्रिशियो असं नाव दिसेल, जागा तीच.

हेच का? एकोणिसाव्या शतकात ब्रिटनभर चर्चचा 'जीर्णोद्धार' करण्याची लाट आली. भिंतींचा गिलावा खरवडला गेला, जुनी लाकडी कामं काढून टाकली, नवी फरशी आणि नवी बाकं आली. बाहेरून मध्ययुगीन दिसणारी कितीतरी चर्च आतून पूर्णपणे व्हिक्टोरियन आहेत. पॅट्रिशो त्या लाटेतून वाचलं. १९०८-०९ मध्ये डब्ल्यू. डी. कॅरो या वास्तुतज्ज्ञाने दुरुस्ती केली तेव्हा जतनाची दृष्टी बदललेली होती. त्याने जे होतं ते सावरलं. नव्याने 'मध्ययुगीन' काही घडवत बसला नाही. माझ्या मते या चर्चच्या इतिहासातली ती सर्वांत भाग्याची गोष्ट.

चर्चमध्ये शिरायची घाई करू नका. आधी खाली रस्त्याच्या वळणावर ओढा लागतो, त्याच्या काठी दगडांनी बांधलेला छोटा झरा आहे. या जागेची सुरुवात तिथून झाली. परंपरा सांगते की इशो नावाचा साधुपुरुष या ओढ्याकाठी झोपडी करून राहत होता, आणि त्याने आसरा दिलेल्या एका वाटसरूनेच त्याचा खून केला. मग झऱ्याच्या पाण्याला गुण आहे अशी ख्याती पसरली आणि लोक येऊ लागले. पुढे अकराव्या शतकात दूरदेशीच्या एका यात्रेकरूचा महारोग इथे बरा झाला, त्याने सोनं ठेवलं आणि त्यातून वर चर्च उभं राहिलं, असं म्हणतात. कथेतला तपशील पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. पण आधी संत, मग पाणी, मग यात्रा आणि शेवटी दगडी इमारत हा क्रम वेल्समधल्या अनेक जुन्या चर्चचा आहे. गाव मोठं होतं म्हणून तिथे चर्च आलं, असं इथे घडलेलं नाही. म्हणून तर आजही आजूबाजूला वस्ती जवळपास नाही. लोक अजून झऱ्याच्या कोनाड्यात काटक्यांचे क्रूस आणि फिती ठेवून जातात.

चढून आवारात आलात की फाटकाजवळ एक बुटकी दगडी खोली दिसेल. आत चूल आहे. लांबून घोड्यावर येणाऱ्या धर्मगुरूने घोडा बांधायचा, भिजलेले कपडे वाळवायचे आणि मग उपासनेला जायचं, यासाठी ती. बहुतेक पाहुणे तिच्याकडे न बघताच पुढे जातात.

दक्षिणेच्या बाजूला भिंतीला लागून बाहेरच दगडी कट्टा आहे आणि समोर आवारातला क्रूस. कट्ट्यावर बसा, म्हणजे ही मांडणी कशासाठी ते कळेल: आतल्या जागेत मावणार नाहीत एवढे लोक जमले की प्रवचन बाहेर व्हायचं. ११८८ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप बाल्डविन तिसऱ्या धर्मयुद्धासाठी माणसं गोळा करत वेल्सभर फिरला. त्याच्यासोबत जेराल्ड ऑफ वेल्स होता, त्याने या दौऱ्याचं वर्णन लिहून ठेवलंय आणि एकंदर सुमारे ३००० लोकांनी क्रूस घेतला, म्हणजे धर्मयुद्धाला जायची शपथ घेतली, असा आकडा दिलाय. बाल्डविन याच क्रूसाजवळ उभा राहून बोलला अशी इथली परंपरा आहे. मी तिला परंपराच म्हणेन. मात्र त्यांची वाट याच ग्रुइनेच्या रानातून गेली होती, तेव्हा कल्पना अगदी हवेतली नाही. क्रूसाच्या पायऱ्या जुन्या आहेत, वरचा कोरीव माथा विसाव्या शतकातला. दगडाच्या झिजेत फरक दिसतोच.

आता इमारतीच्या पश्चिम टोकाला या. तिथे मुख्य चर्चला चिकटून एक स्वतंत्र छोटं देवघर आहे. त्याला बाहेरून वेगळं दार आहे आणि आत दगडी वेदी. मधल्या भिंतीत एक लहान झरोका आहे, त्यातून मुख्य चर्चच्या आतलं दिसतं. इशोची समाधी इथे होती असं मानतात, आणि पुढे एखादा एकांतवासी साधक इथे राहून झरोक्यातून उपासना बघत असावा असाही समज आहे. वेल्समध्ये संताच्या थडग्यावर असं वेगळं देवघर बांधण्याची चाल होती, पण ती इतकी स्पष्ट दिसणारी ठिकाणं थोडी उरलीत.

आत गेलात की आधी बाप्तिस्म्याचा दगडी कुंड शोधा. साधा, ओबडधोबड, टबासारखा. त्याच्या काठावर लॅटिनमध्ये कोरलंय की मेनहिरने मला गेनिलिनच्या काळात घडवलं. हा गेनिलिन म्हणजे अकराव्या शतकाच्या मध्यात या मुलखावर सत्ता असलेला सरदार, असं मानलं जातं. लॅन्डाफचा बिशप हेरेवाल्ड १०५६ ते ११०४ या काळात पदावर होता, आणि या चर्चचा अभिषेक त्याच्या हातून झाल्याची नोंद आहे. तो काळ याच्याशी जुळतो. म्हणजे आज दिसणाऱ्या भिंतींच्या बऱ्याचशा भागापेक्षा कुंडच जुना. मला यात भावतं ते वेगळंच. इथे कारागिराचं नाव पहिलं आलंय, सत्ताधीश फक्त काळ सांगायला. हजार वर्षांपूर्वीच्या दगडकामावर पाथरवटाचं नाव सापडणं किती दुर्मीळ आहे हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. आणि इतर कुठल्याही मध्ययुगीन चर्चमध्ये गेलात तर कुंडाच्या काठावर बोट फिरवण्याआधी नजर फिरवा. कडेला तुटके खड्डे किंवा लोखंडाचे तुकडे दिसले तर ते झाकणाच्या कुलपाचे. मंतरलेलं पाणी जादूटोण्यासाठी चोरलं जायचं, म्हणून तेराव्या शतकात कुंड कुलूपबंद ठेवण्याचे हुकूम निघाले होते.

मग मान वर करा. ज्यासाठी जगभरातून लोक इथे येतात ते समोर आहे: ओकच्या लाकडाचा कोरीव पडदा आणि त्यावरचा सज्जा, साधारण १५०० च्या सुमाराचा. आपल्या देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये जशी सीमा असते, तशी ही लोकांची बाजू आणि वेदीची बाजू यांच्यामधली सीमा. वरच्या सज्जावर क्रूसावरचा ख्रिस्त आणि दोन्हीकडे मारिया व योहान यांच्या मोठ्या मूर्ती असत, त्यांच्यापुढे दिवे लागत. भिंतीच्या जाडीतून वर चढायला जिनाही असे.

कोरीवकाम बघायला पडद्याच्या अगदी जवळ जा आणि सज्जाखालची आडवी तुळई एका टोकापासून वाचायला लागा. टोकाला पंखवाला ड्रॅगन आहे. त्याच्या जबड्यातून द्राक्षाचा वेल निघतो आणि पानं, घड, वळसे घेत अख्ख्या रुंदीभर जातो. ख्रिस्ती अर्थ लावणारे म्हणतात की द्राक्षवेल म्हणजे ख्रिस्त आणि ड्रॅगन म्हणजे त्याला गिळू पाहणारं पाप. असेल. मी बघतो ते लाकडाकडे: वेल पाठीमागून कोरून मोकळा केलाय, पान आणि तुळई यांच्यामध्ये अंधार साठतो, आणि त्या अंधारामुळेच खालून उभ्या माणसाला वेल उठून दिसतो. समोरून सरळ प्रकाश पाडलात तर हे सगळं सपाट होतं. विजेरी बाजूने, तिरकी धरा. वर सज्जाच्या कठड्यावरची जाळी लेससारखी नाजूक आहे, आणि आज लाकडावर रंग नाही, त्यामुळे छिन्नीचं काम उघडं दिसतं.

हे टिकलं कसं, हा खरा प्रश्न. सोळाव्या शतकात इंग्लंड-वेल्समध्ये धर्मसुधारणा, म्हणजे रोमच्या पोपपासून फुटून निघालेली प्रोटेस्टंट चळवळ आली तेव्हा मूर्ती काढायचे हुकूम झाले, त्यात वरचा ख्रिस्त आणि बाकीच्या मूर्ती गेल्या. १५६१ मध्ये एलिझाबेथ राणीच्या हुकमाने सज्जेही उतरवायचे होते, खालचा पडदा तेवढा ठेवायचा. हजारो ठिकाणी तसं झालं. इथे सज्जा जागेवरच राहिला. वेल्सच्या डोंगराळ भागात असे आणखी काही वाचले. लानानो आणि लानेग्रिनचे पडदेही बघण्यासारखे आहेत, पण लानानोचं चर्च १८७७ मध्ये नव्याने बांधून त्यात जुना पडदा बसवलाय. पॅट्रिशोला पडदा, भिंत, फरशी आणि प्रकाश यांचं नातं तुटलेलं नाही.

पडद्याच्या अलीकडे, लोकांच्या बाजूला, मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना दोन दगडी वेद्या आहेत. घाईत माणूस त्यांना बसायचे ओटे समजतो. त्यांच्यावरच्या शिळांवर कोरलेले लहान क्रूस शोधा. बिशप वेदीचा अभिषेक करताना ज्या जागी तेल लावायचा तिथे हे क्रूस असतात. सहसा पाच, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे. १५५० मध्ये दगडी वेद्या फोडून त्यांच्या जागी लाकडी मेज ठेवण्याचा हुकूम झाला आणि तो बहुतेक ठिकाणी कसोशीने पाळला गेला. वेदीची शिळा उलटी घालून फरशीत बसवलेली, थडग्यावर टाकलेली, अगदी पायरी म्हणून वापरलेली मी बघितली आहे. इथे पश्चिमेच्या देवघरातली धरून तीन वेद्या जागच्या जागी उभ्या आहेत. कुणी मुद्दाम वाचवल्या की हुकूम बजावणारे या वाटेला फिरकलेच नाहीत, याचा कागद नाही. माझं स्वतःचं मत असं की नुसत्या आडवाटेने एवढं वाचत नाही. सज्जाही राहिला, वेद्याही राहिल्या, तर गावातल्या कुणाला तरी ते राहावं असं वाटत होतं.

पश्चिमेच्या भिंतीवर, म्हणजे बाहेर पडताना समोर येईल असा, तांबड्या रंगात काढलेला सांगाडा आहे. हातात कोयता, वाळूचं घड्याळ आणि फावडं. हा मृत्यू. रंग बैलाच्या रक्ताचा आहे आणि कितीही चुना मारला तरी चित्र परत वर येतं, असं इथे सांगतात. अशा चित्रांतला तांबडा सहसा गेरूचा असतो, आणि चुन्याचे पातळ थर झिजले की खालचं तांबडं खरोखर डोकावतं. त्यामुळे दंतकथेत निरीक्षण पक्कं आहे. भिंतींवर इतरत्र रंगवलेली बायबलवचनं आणि राजचिन्ह दिसेल. ही धर्मसुधारणेनंतरची सजावट. आधीची संतांची चित्रं पांढऱ्या चुन्याखाली गाडली आणि त्यावर अक्षरं आली. पण ज्या चुन्याने चित्रं पुसली, त्यानेच ती सांभाळली. दक्षिणेकडच्या लान्कार्वनच्या चर्चमध्ये २००८ पासून चुन्याचे थर काळजीपूर्वक काढल्यावर पंधराव्या शतकातला संत जॉर्ज आणि त्याचा ड्रॅगन बाहेर आला. कार्डिफहून ते जवळ आहे, एका दुपारी नक्की जा. आणि कुठल्याही जुन्या चर्चमध्ये रंगाचे पोपडे सुटलेत असं दिसलं तर बोट लावू नका. पोपड्याच्या मागे पोकळी असते, नखाच्या टोकाएवढ्या स्पर्शाने तो खाली येतो आणि परत लावता येत नाही.

आता स्मारकशिळा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवावा.

मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये संगमरवरी पुतळे, रडणाऱ्या देवदूतांच्या मूर्ती आणि लांबलचक पदव्या असतात. पॅट्रिशोला आणि आसपासच्या खोऱ्यांत दिसतं ते ब्रूट घराण्याचं काम. शेजारच्या लानबेडर गावचे हे पाथरवट: थॉमस, मग आरन, मग जॉन. अठराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत पिढ्यान् पिढ्या त्यांनी या डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या, खाऊनपिऊन सुखी कुटुंबांच्या शिळा घडवल्या. शहरात त्या वेळी वेलबुट्टीची जी फॅशन होती ती त्यांच्यापर्यंत पोचली होती, पण त्यांनी ती आपल्या हाताने वळवली. गोबऱ्या गालांचे पंखवाले छोटे देवदूत, भरघोस फुलं, पानांच्या महिरपी, आणि वर रंग. हो, रंग. दगडावर लाल, निळा, सोनेरी. पांढऱ्या संगमरवराची सवय असलेल्या डोळ्याला ते आधी भडक वाटतं. जरा थांबा. अंधाऱ्या, चुन्याने सारवलेल्या भिंतीवर मेणबत्तीच्या उजेडात ते बघितलं जाणार होतं, हे लक्षात घेतलं की रंग योग्य वाटू लागतो.

शिळा वाचताना खालची कड आधी बघा, तिथे बारीक अक्षरात घडवणाऱ्याचं नाव असू शकतं. ब्रूट मंडळी सही करायची. मग अक्षरं बघा: मोठी, लहान, तिरकी, नागमोडी शेपट्यांची अक्षरं एकाच शिळेवर येतात. नाव ठळक, बाकी मजकूर जागेनुसार. कधी ओळ संपते तिथे शब्द संपत नाही, मग उरलेली अक्षरं बारीक करून वर चढवलेली असतात. म्हणजे कारागिराने आधी पक्की आखणी करून मग कोरलेलं नाही. कोरता कोरता निर्णय घेतलेत. मला त्यात त्याच्या हाताची चाल दिसते.

नावांत वेल्सचा समाज दिसतो. जुनी पद्धत बापाचं नाव लावायची, मध्ये 'मुलगा' या अर्थी 'ॲप'. तो पुढच्या नावाला चिकटून आडनावं झाली: ॲप रिसचं प्राइस, ॲप हॉवेलचं पॉवेल, ॲप हॅरीचं पॅरी. या भागातल्या शिळांवर हीच आडनावं पुन्हा पुन्हा येतात. दुसरी गोष्ट: बायको नवऱ्याशेजारी पुरलेली असूनही शिळेवर तिचं माहेरचंच आडनाव दिसलं तर दचकू नका, जुन्या वेल्समध्ये ती रीत होती. आणि लोक घरी वेल्श बोलत असले तरी अठराव्या शतकातला स्मारकाचा मजकूर बऱ्याचदा इंग्रजीत असे, कारण कागदोपत्री मानाची भाषा ती.

तारखेबद्दल सावध राहा. १७५२ पर्यंत इथे नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या मृत्यूचं साल कधी १७३८/९ असं जोडून कोरलेलं असतं, कधी नुसतं जुनंच साल असतं. वंशावळ काढणारे इथे हमखास एका वर्षाने घसरतात.

आवारातल्या शिळा इथल्याच तांबड्या वाळूच्या दगडाच्या आहेत. हा दगड थराथराने फुटतो. पाणी थरांत शिरतं, गोठतं आणि वरचा पापुद्रा अक्षरांसकट सुटतो. म्हणून अक्षरं पुसट असली तरी खडू घासणं, कागद ठेवून ठसा घेणं, शेवाळ खरवडणं यातलं काहीही करू नका. हातआरशाने ऊन बाजूने पाडा, अक्षरं उभी राहतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गेलात तर सूर्यच ते काम करतो.

स्मारकांची गोडी लागली तर डोंगरापलीकडच्या खोऱ्यात कुमयोयचं चर्च आहे. ते भूस्खलनाच्या मातीवर उभं आहे, त्यामुळे अख्खी इमारत पिळवटलीय: मनोरा एकीकडे कललेला, वेदीची बाजू दुसरीकडे. मनोऱ्याचा कल पिसाच्या मनोऱ्यापेक्षाही जास्त आहे. तिथेही ब्रूटांच्या शिळा आहेत, आणि त्यांच्या आधीची १६८२ मधली थॉमस प्राइस नावाच्या माणसाची एक शिळा आहे, तिच्यावर चार ओळींचं पद्य आहे. आशय असा की थॉमस प्राइस आपणा सर्वांच्या आईच्या, म्हणजे धरतीच्या, कुशीत डुलकी घेतोय आणि नवरदेव येऊन 'ऊठ माझ्या लाडक्या, चल' म्हणेल याची वाट बघतोय. नवरदेव म्हणजे ख्रिस्त. मृत्यूबद्दल इतकं मायेने, इतकं साधं लिहिलेलं मी फार कमी ठिकाणी वाचलंय. पॅट्रिशोच्या भिंतीवरचा कोयतेवाला सांगाडा आणि ही डुलकी, दोन्ही एकाच डोंगराच्या दोन अंगांना आहेत, म्हणून शक्य असेल तर एकाच दिवशी बघा. तिथला मध्ययुगीन कोरीव क्रूस १९६७ मध्ये चोरीला गेला होता आणि लंडनच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ओळखला जाऊन परत आला.

जाण्याचं: कार्डिफहून ॲबरगॅव्हेनीला थेट रेल्वे आहे, पुढे मात्र गाडी लागेल. शेवटचा रस्ता एका गाडीपुरता आणि चढाचा आहे. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यावी लागेल, तेव्हा चालवणारा सरावाचा हवा. गाडी झऱ्याच्या वळणाजवळच्या मोकळ्या जागेत लावून वर चालत जा. गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी घ्या, उतारावर गवत ओलं असतं. आत वीज असेलच असं धरू नका, विजेरी आणि गरम कपडे हवेतच. दार लोटून घ्यायला विसरू नका, नाहीतर पक्षी आत अडकतात आणि त्यांची विष्ठा रंगवलेल्या भिंतीला आणि लाकडाला फार वाईट. दानपेटीत जमेल तेवढं टाका. अशा चर्चचं छप्पर, पन्हळी आणि चुन्याचं काम मूठभर लोकांच्या वर्गणीवर चालतं, आणि पन्हळ तुंबली की पहिलं पाणी याच भिंतींत उतरतं.